खाद्यतेल पुनर्भरण व्यवसाय : अल्प भांडवल, मोठी जबाबदारी

वाढत्या महागाईच्या व प्लास्टिक कचऱ्याच्या काळात ग्राहकाने आपली बाटली आणावी, दुकानदाराने ती भरून द्यावी आणि वेष्टनाचा खर्च दोघांनी वाचवावा, ही कल्पना सहज पटणारी आहे. राजधानी दिल्ली व तिच्या भोवतालचे गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद, गुरुग्राम हे पट्टे अशा व्यवसायासाठी अनुकूल दिसतात. दाट वस्ती, स्थलांतरित कष्टकऱ्यांची मोठी संख्या, रोजच्या मिळकतीतून रोजची खरेदी करणारी कुटुंबे आणि राजस्थान-हरियाणातील मोहरीचे उत्पादन क्षेत्र हाकेच्या अंतरावर, असे हे चित्र आहे. त्यामुळे चार-पाच लाख रुपयांत खाद्यतेल पुनर्भरणाचा व्यवसाय उभा राहू शकतो, असे अनेक सुशिक्षित बेरोजगारांना व बचत गटांना वाटते. तो उभा राहू शकतो. मात्र त्याचे स्वरूप सर्वसाधारण कल्पनेपेक्षा वेगळे असावे लागते. हे वेगळेपण समजून घेण्यासाठी दिल्लीच्याच एका दुःखद अनुभवाकडे वळणे आवश्यक आहे.

१९९८ चा धडा

ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीतील रुग्णालयांत पायांवर सूज, श्वास लागणे व हृदयाची क्षीणता अशी लक्षणे असलेले रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. एकाच घरातील अनेक माणसे एकाच वेळी आजारी पडत होती. हा ‘ड्रॉप्सी’ नावाचा विकार होता आणि त्याचे कारण मोहरीच्या तेलात मिसळलेले पिवळ्या धोतऱ्याचे तेल होते. पिवळा धोतरा हे पडीक जमिनीवर व शेताच्या बांधावर उगवणारे काटेरी तण. त्याचे बी दिसायला मोहरीसारखेच असते आणि त्यातील सँग्विनरीन हे विषारी द्रव्य अल्प प्रमाणातही घातक ठरते. या साथीत ६० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि रुग्णांची संख्या ३,००० च्या आसपास पोहोचली. दिल्लीत मोहरीच्या तेलाच्या विक्रीवरच बंदी घालावी लागली.

केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये १७ सप्टेंबर १९९८ रोजी खाद्यतेल वेष्टन (नियमन) आदेश जारी केला. या आदेशाने १५ डिसेंबर १९९८ पासून किरकोळ विक्रीचे खाद्यतेल वेष्टनबंद स्वरूपातच विकणे बंधनकारक केले. तेल भरणाऱ्याने नोंदणी करावी, तपासणीची स्वतःची सोय किंवा पुरेशी व्यवस्था ठेवावी आणि प्रत्येक वेष्टनावर आपली ओळख स्पष्ट छापावी, अशी तरतूद त्यात होती. सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे ठेवण्यात आला.

या आदेशावर टीकाही झाली. वंदना शिवा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ‘सरसों सत्याग्रह’ उभारून असा आक्षेप घेतला की, वेष्टनाची सक्ती गावोगावच्या लहान घाण्यांना बाजाराबाहेर ढकलेल आणि आयात सोयाबीन तेलाला वाट मोकळी करून देईल. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. नियमांच्या पालनाचा खर्च मोठ्या कारखान्याला लिटरमागे काही पैसे पडतो. लहान घाणेवाल्याला तोच काही रुपये पडतो. सुरक्षितता आणि लहान उद्योजकाची उपजीविका यांतील हा ताण आजही कायम आहे. अल्प भांडवलाच्या व्यवसायाची आखणी याच ताणातून मार्ग काढून करावी लागते.

आजची कायदेशीर स्थिती

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये २०११ मध्ये तयार झालेल्या विक्रीविषयक निर्बंधांच्या विनियमांत हेच तत्त्व कायम ठेवण्यात आले. नियमानुसार वेष्टनबंद, चिन्हांकित व लेबलयुक्त नसलेले खाद्यतेल विकता येत नाही. विशिष्ट परिस्थितीत राज्य सरकार अधिसूचनेद्वारे सूट देऊ शकते. याचा सरळ अर्थ असा की, मोठ्या पिंपाला तोटी लावून ग्राहकाने आणलेल्या कोणत्याही बाटलीत तेल ओतून देणे, हे राज्याची सूट नसेल तर बेकायदेशीर सुटी विक्री ठरते. त्याच अधिनियमात अप्रमाणित अन्नाच्या विक्रीबद्दल ५ लाख रुपयांपर्यंत व चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलाबद्दल ३ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असुरक्षित अन्नाच्या बाबतीत कारावासही होऊ शकतो. पाच लाखांच्या भांडवलावर उभा असलेला व्यवसाय असा एकही आघात सोसू शकणार नाही.

भांड्यांच्या पुनर्वापराबाबत वेष्टनविषयक विनियम, २०१८ मध्ये स्पष्ट मार्गदर्शन आहे. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा अन्नपदार्थ भरण्यासाठी पुन्हा वापरता येत नाही. काचेच्या बाटल्या आणि ५ लिटर व त्याहून मोठे प्लास्टिकचे डबे मात्र टिकाऊ, स्वच्छ करण्यास व निर्जंतुक करण्यास सोपे असतील तर पुन्हा वापरता येतात. पुनर्भरणाच्या कल्पनेला कायद्याने येथे वाट ठेवली आहे. ग्राहकाची बाटली समोरच भरून देण्याऐवजी उद्योजकाने आपलेच डबे अनामत रक्कम घेऊन द्यावेत, रिकामे डबे परत आणून धुवावेत, वाळवावेत आणि नव्या लेबलासह व मोहोरबंद करून पुन्हा भरावेत. असे केले की हा व्यवसाय परवानाधारक ‘पुनर्वेष्टन’ उद्योगाच्या चौकटीत बसतो.

दूध चालते, मग तेल का नाही?

दिल्लीकर येथे एक रास्त प्रश्न विचारतील. मदर डेअरीच्या केंद्रांवर अनेक दशकांपासून टोकन घेऊन स्वतःच्या भांड्यात सुटे दूध नेण्याची पद्धत आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या दुग्धशाळेने यंत्राद्वारे सुट्या दुधाच्या विक्रीचा नमुना देशापुढे ठेवला. वेष्टन नसल्याने हे दूध पिशवीतील दुधापेक्षा स्वस्त पडते आणि लाखो ग्राहक ते विश्वासाने घेतात.

या विश्वासाचे रहस्य संपूर्ण साखळी एकाच संस्थेच्या नियंत्रणात असण्यात आहे. दूध तपासणारी, टँकरने पाठवणारी, केंद्रावरील यंत्राची देखभाल करणारी आणि चूक झाल्यास उत्तर देणारी संस्था एकच असते. सुट्या तेलाच्या बाजारात गिरणी, दलाल, घाऊक व्यापारी व किरकोळ दुकानदार हे सारे वेगवेगळे असतात. पिंपातील तेल कोठून आले याचा माग शेवटच्या टप्प्यावर पुसला जातो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मधील आपल्या गाजलेल्या लेखात दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला माहीत असतो पण ग्राहकाला कळत नाही, तेव्हा खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेलातील भेसळ डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही बहुधा कळत नाही. त्यामुळे शुद्ध तेल विकणाऱ्याला भेसळवाल्याच्या भावाशी स्पर्धा करावी लागते आणि तो तेथे हरतो. पुनर्भरण करणारा लहान उद्योजक तेलासोबत खात्री विकत असतो आणि त्याच्या अंदाजपत्रकात या खात्रीचा खर्च सर्वप्रथम मांडला गेला पाहिजे.

खात्री कशी निर्माण करावी?

पहिली पायरी म्हणजे ज्याचा माग काढता येईल अशी खरेदी. तेल परवानाधारक गिरणीकडूनच, पक्क्या बिलावर आणि लेखी हमीसह घ्यावे. प्रत्येक खेपेला स्वतंत्र क्रमांक द्यावा, तो डब्यावर छापावा आणि त्या खेपेचा मोहोरबंद राखीव नमुना तेल खपून जाईपर्यंत जपून ठेवावा. पिवळ्या धोतऱ्याच्या तेलासाठी नायट्रिक आम्लाची साधी चाचणी प्राथमिक इशारा देते. परंतु भेसळ अत्यल्प असेल तर ती हुकते. म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नियमित तपासणी अटळ ठरते. ही गरज काल्पनिक नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये देशभरातून खाद्यतेलाचे सुमारे ४,५०० नमुने घेतले, तेव्हा जवळपास एकचतुर्थांश नमुने गुणवत्तेच्या निकषांत उतरले नव्हते.

दुसरी पायरी म्हणजे मिश्रणाचा मोह टाळणे. मोहरीच्या तेलात अन्य तेल मिसळण्यास ८ जून २०२१ पासून मनाई आहे. दोन स्वस्त तेले एकत्र करून नफा वाढवण्याचा सल्ला बाजारात सहज मिळतो. लहान उद्योजकाने तो मनावर घेऊ नये.

तिसरी पायरी प्रामाणिक लेबलाची. त्यावर तेलाचे नाव, खेप क्रमांक, भरल्याची तारीख, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत, परवाना क्रमांक आणि भरणाऱ्याचा पूर्ण पत्ता असावा. ‘डबल रिफाइंड’, ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘हृदयाला हितकर’ अशा धाटणीचे शब्द खाद्यतेलाच्या लेबलांवर निषिद्ध आहेत.

वजन, माप आणि ऋतुमान

तेलाच्या व्यवसायात नफ्याचा मोठा भाग माप नीट समजण्यावर अवलंबून असतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणून १५ किलोच्या डब्यातून सुमारे साडेसोळा लिटर तेल निघते, तर १५ लिटरच्या डब्यात केवळ १३.६५ किलो तेल असते. दोन्ही डबे दिसायला जवळजवळ सारखेच. फरक मात्र १.३५ किलोचा. खरेदी किलोवर आणि विक्री लिटरवर करणाऱ्याने हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा.

त्यात तापमानाची भर पडते. सोयाबीन तेलाच्या एक लिटरचे वजन २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम असेल तर ६० अंशांना ते सुमारे ८९३ ग्रॅमवर येते. दिल्लीचा जानेवारी आणि जून यांच्यात २५ अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे एकाच मापात सुमारे पावणेदोन टक्क्यांची तफावत. केवळ मापाने भरणाऱ्याचे हिवाळ्यात स्वतःचे नुकसान होते आणि उन्हाळ्यात तो नकळत ग्राहकाला कमी तेल देतो. याच कारणाने केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये तेल उत्पादकांना निव्वळ परिमाण तापमानाचा उल्लेख न करता छापण्याचे व त्यासोबत अचूक वजन देण्याचे निर्देश दिले. लहान उद्योजकाने प्रमाणित इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनानेच तेल भरावे. वैध मापन विभागाकडून काट्याची मुदतीत पडताळणी करून घ्यावी.

हिशेबाची मांडणी

पुढील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालून ते पुन्हा मांडावेत. समजा, एकूण भांडवल पाच लाख रुपये आहे. त्यातील सव्वा लाख रुपये स्टेनलेस स्टीलची टाकी, गाळणी, भरण्याचे यंत्र व काटा यांवर, पाऊण लाख जागेची अनामत व स्वच्छतेच्या सोयींवर, साठ हजार पुनर्वापराच्या पाच लिटरच्या डब्यांवर आणि चाळीस हजार परवाना, तपासणी व लेबलांवर खर्च झाले. उरलेले दोन लाख खेळते भांडवल राहिले.

आता महिन्याचा स्थिर खर्च पाहू. भाडे १२,००० रुपये, एका मदतनिसाचे वेतन १९,००० रुपये, वीज व स्वच्छता ३,००० रुपये, तपासणी व किरकोळ बाबी ४,००० रुपये आणि कर्जाचा हप्ता ६,००० रुपये, अशी बेरीज ४४,००० रुपये होते. वेतनाचा आकडा मोठा वाटेल. परंतु दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन २०२५ मध्येच १८,००० रुपयांच्या पुढे गेले होते. डब्याची धुलाई व वाहतूक वजा जाता लिटरमागे ८ रुपये सुटत असतील, तर केवळ खर्च भरून काढण्यासाठी महिन्याला ५,५०० लिटर विक्री हवी. एक कुटुंब महिन्याला ४ लिटर घेते असे धरल्यास सुमारे १,४०० कुटुंबे कायमची ग्राहक असावी लागतील. त्यापुढील विक्रीतूनच उद्योजकाच्या स्वतःच्या कष्टाचा मोबदला निघेल. घरातील माणसांनीच काम केले तर हा आकडा खाली येतो, आणि म्हणूनच बचत गटाला या व्यवसायात एकट्या व्यक्तीपेक्षा अधिक संधी आहे.

खेळत्या भांडवलाची बाजू याहून नाजूक आहे. लिटरला १४० रुपये खरेदीदर धरल्यास महिन्याची खरेदी ७ लाख ७० हजार रुपयांची होते. पैसा आठ दिवसांत फिरला तर दोन लाखांत भागते. ग्राहकांना आणखी पंधरा दिवसांची उधारी दिली की हीच गरज सहा लाखांच्या जवळ जाते. लहान तेलविक्रेत्यासाठी उधारी हा तोट्याइतकाच मोठा धोका आहे.

भावातील चढउतार हा दुसरा धोका. देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयातीतून भागतो. त्यामुळे जागतिक बाजार व सीमाशुल्क यांचे पडसाद थेट गल्लीतील दुकानापर्यंत उमटतात. कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणण्यात आले. आठ दिवसांच्या साठ्यावर भाव पाच टक्के उतरला तर वरील उदाहरणात सुमारे दहा हजार रुपयांचा फटका बसतो. यावरचा उपाय एकच : साठा लहान, फेऱ्या अधिक. भाव वाढेल या अपेक्षेने साठा करणे हे सट्ट्याचे काम असून ते या आकाराच्या उद्योगाला झेपणारे नाही.

तीन राज्यांची सीमा आणि कर

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात एक विशेष अडचण उद्भवते. नोएडा उत्तर प्रदेशात, फरिदाबाद हरियाणात आणि त्यांचे ग्राहक कित्येकदा रस्त्यापलीकडे दिल्लीत. वस्तू व सेवा कराच्या आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. नोंदणीची ४० लाख रुपयांची उलाढाल मर्यादाही आंतरराज्य विक्री करणाऱ्याला लागू होत नाही. त्याला पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी घ्यावी लागते. म्हणून प्रारंभी जागा आणि ग्राहक एकाच राज्यात असणे हिताचे.

आपसमेळ योजनेतील एक टक्का कर आकर्षक दिसतो, पण तेलाच्या व्यवसायात तो बहुधा महाग पडतो. या योजनेत खरेदीवर भरलेल्या पाच टक्के कराची वजावट मिळत नाही. किमतीत मूल्यवर्धन एकपंचमांशापेक्षा कमी असेल तर नियमित नोंदणीच स्वस्त ठरते, आणि तेल भरून विकणाऱ्याचे मूल्यवर्धन दहा टक्क्यांच्या आतच असते. नियमित नोंदणीतही एक मर्यादा ध्यानात ठेवावी : डबे-बाटल्यांवरील कर १८ टक्के व तेलावरील ५ टक्के असला तरी खाद्यतेलाच्या बाबतीत शिल्लक राहिलेल्या जादा वजावटीचा परतावा १८ जुलै २०२२ पासून मिळत नाही. डबा जितक्या वेळा फिरेल तितका हा भार हलका होईल. पुनर्वापराला पर्यावरणाइतकेच हे आर्थिक समर्थनही आहे.

परवाना आणि वित्तसाहाय्य

२०११ च्या परवाना विनियमांनी १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीस साधी नोंदणी व त्यापुढे परवाना अशी विभागणी केली होती. या मर्यादा काळानुसार बदलल्या जात असल्याने अर्जाच्या दिवशी ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावरील लागू मर्यादा पाहून श्रेणी निवडावी. वित्तपुरवठ्यासाठी २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे ‘किशोर’ कर्ज उपलब्ध आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान योजनेने प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जसंलग्न अनुदान देण्याची पद्धत आणली. तिची सद्यःस्थिती जिल्हा यंत्रणेकडून जाणून घ्यावी. अनुदान मिळणार म्हणून यंत्र मोठे घेणे टाळावे. यंत्र रिकामे राहिले तरी हप्ता थांबत नाही.

धोरणासाठी काही सूचना

महाराष्ट्रातील आठवडी बाजारांत व शहरांच्या वस्त्यांत दहा-वीस रुपयांचे तेल घेणारे ग्राहक आजही आहेत. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा व करडई तेलालाही नव्याने मागणी येत आहे. दिल्लीच्या अनुभवातून जन्मलेला नियम त्यांनाही तितकाच लागू आहे. सुट्या तेलावरील बंदीने गरिबाचे रक्षण व्हावे हा हेतू योग्यच आहे, कारण भेसळीचा सर्वाधिक मार त्यालाच बसतो. परंतु लहान पाकिटाची जादा किंमतही तोच मोजतो. म्हणून केवळ बंदीवर विसंबून न राहता सुरक्षित व स्वस्त पर्याय निर्माण करणे ही शासनाची जबाबदारी आहे.

या दृष्टीने तीन गोष्टी शक्य आहेत. जिल्हा पातळीवर सामाईक तपासणी केंद्रे उभारून लहान उद्योजकांना सवलतीच्या दरात चाचणी उपलब्ध करावी. बचत गटांच्या महासंघांना सामाईक भरण-केंद्र चालवण्यासाठी साहाय्य द्यावे, जेणेकरून नियमपालनाचा लिटरमागील खर्च उतरेल. आणि राज्यांना असलेल्या सूट देण्याच्या अधिकाराचा वापर करून, दुधाच्या केंद्रांच्या धर्तीवर, मोहोरबंद टाकी व खेप क्रमांकाची छापील पावती देणारी यंत्रे निवडक ठिकाणी मर्यादित काळासाठी चालवून पाहावीत.

तोपर्यंत या व्यवसायात उतरू पाहणाऱ्याने खर्चाचा क्रम सांभाळावा : आधी तपासणी व परवाना, मग काटा व स्वच्छता, त्यानंतर डबे आणि सर्वांत शेवटी मोठे यंत्र. शंभर कुटुंबांपासून सुरुवात करून त्यांचा विश्वास मिळवला, तर पुढची हजार कुटुंबे त्यांच्याच शब्दावर येतील. अल्प भांडवलाच्या उद्योगाला याहून स्वस्त जाहिरात मिळणे कठीण आहे.